चपलेने पर्वती

प्रिय दिल्या,

आधी शिव्या घालून घे. आठ महिने झाले, तुझे तीन फोन मी उचलले नाहीत, चौथा तू केला नाहीस, बरोबरच आहे. तब्येत ठीक. शुगर निघालीय, एक गोळी सकाळी. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तिला सगळं लख्ख दिसतं आणि ती दिवसभर आम्हाला भिंतीवरचे डाग दाखवत असते.

लिहायचं कारण म्हणजे, मागच्या मंगळवारी मी पर्वती चढलो, चपलेने, हातात दुधाची पिशवी घेऊन. घरी सांगितलं तर "डोकं फिरलंय का" एवढंच ऐकायला मिळालं.

साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनचं तुला नव्याने काय सांगू. चार महिने ती एक्सेल शीट, लाल-हिरवे रकाने, यवतेश्वरचा घाट, २१ किलोमीटर अडीच तासांच्या आत. आलो आत, दोन मिनिटं राखून. मेडल घालूनच तुझ्याकडे आलो तर तू बिस्किट बुडवत म्हणालास, "तुला पळायला नको असतं रे, पळून झालेलं हवं असतं." लेका, वहिनींसमोर! अर्धा चहा टाकून उठलो ते उठलोच. आणि खरं सांगू का, त्यानंतर एक दिवसही पळालो नाही. बुटांच्या तळाला घाटातला लाल चिखल अजून तसाच आहे, वाळून त्याच्या खपल्या निघतात. मेडल दाराशी चाव्यांच्या हुकावर, त्यावर स्कूटरची चावी. तुझं बोलणं लागलं म्हणून पळणं सोडलं असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. ते खोटं आहे. अडीच तास झाले, मग पुढे पळायचं कशासाठी, एवढंच होतं.

मग शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले रोज चाला, म्हणून पर्वती सुरू केली. १०३ पायऱ्या, दोन फेऱ्या. आणि मी गाढव, परत फोनवर ॲप घेतलं, स्ट्रीकवालं, न चुकलेले सलग दिवस मोजणारं. ४१ पर्यंत गेलो. ४२ व्या दिवशी आईचं ऑपरेशन, पहाटे हॉस्पिटलात, ॲपवर शून्य. दुसऱ्या दिवशी जायला काय हरकत होती? पण ४१ नंतर परत १ कोण बघणार! चार दिवस फुगून घरात बसलो. कुणावर फुगलो होतो देव जाणे.

मुक्ता म्हणाली, बाबा, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात लोकांनी हे तपासून पाहिलंय. ९६ जण घेतले, प्रत्येकाने एकच साधी गोष्ट धरायची, जेवणासोबत फळ खायचं, नाहीतर पाणी प्यायचं, असलं काहीतरी, आणि ती रोजच्याच एखाद्या कामाला बांधायची. अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ आणि कुणाचा हिशोब थेट २५४ वर. त्यात प्रयोगच मुळात ८४ दिवसांचा, म्हणजे तो २५४ नुसता गणिताने काढलेला. तो मीच असणार. पण तिचा मुद्दा वेगळा होता, एखादा दिवस चुकला तर त्यांच्या गाडीला फारसा फरक पडला नव्हता. माझी मात्र एका दिवसात रुळावरून उतरली.

तर मंगळवार. दूध आणायला खाली उतरलो, पिशवी घेतली आणि घराकडे वळायचं सोडून पायथ्याकडे वळलो. का, माहीत नाही. अर्ध्यावर कळलं की पिशवी गळतीय, एकेका पायरीवर एकेक थेंब. वर पोचलो तर मागे दोन मांजरं आणि एक आजोबा, आजोबा म्हणाले, "अहो, नैवेद्य सांडतोय." बोट लावून भोक धरून बसलो, शहर बघत. तिथे बसल्यावर टाळक्यात प्रकाश पडला. १९ वर्षं रोज दूध आणतोय मी. ताप असला तरी, लॉकडाऊनमध्येही, तुझ्याशी भांडून आल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा. त्याची शीट केली नाही की कुणी मेडल दिलं नाही, आणि चुकलं एखाद दिवशी तर दुसऱ्या दिवशी कोण रुसतं? चहा लागतो, म्हणून आणतो, बस्स.

आणि तुझे अण्णा आठवले. तो फाटका सतरंजीचा तुकडा, बारा नमस्कार, ताईच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा, बाहेर मांडववाला बोंबलतोय आणि हे आपले आत. किती वर्षं घालताय विचारलं तर आपल्यालाच म्हणाले होते, "तुम्ही दोघं कधीपासून जेवताय?"

तेव्हापासून दुधासोबतच जातोय. पिशवी आता डब्यात ठेवतो. ॲप काढून टाकलं. आठ दिवस झाले. बघ, मोजलेच! हीच भीती वाटते रे. परवा मनात आलं, साताऱ्याचा पुढचा फॉर्म कधी निघतो ते बघावं. नुसतं बघायला. आणि भरला, पळालो, संपलं, तर परत बूट कपाटात जाणार का? तू काय म्हणशील ते मला माहिती आहे, तरी म्हण.

तुझं प्लास्टर झालं का? वहिनींची बदली? पोराला म्हणावं काकाला फोन कर, बापासारखा अडून बसू नकोस. आणि ऑक्टोबरात येणार असशील तर पहाटेची गाडी पकड, दुधाच्या वेळेला पोचशील.

चपलेचं वहिनींना सांगू नकोस, गुडघ्यावरून आमच्या घरी फोन येईल.

तुझा,
बंड्या