तुझ्या वहीचे जळलेले पान

प्रिय अविनाश,

तुझी आकड्यांची वही माझ्या हातून जळली. सगळी नाही, एकच पान, आणि तेही नखाएवढे. पण ते पान ५३१ चे आहे, म्हणजे तुझ्या तीन चेंडू उडवण्याच्या त्या क्रमाचे, ज्यात प्रत्येक आकडा फेक किती उंच ते सांगतो. त्या आकड्यावरून आपण किती भांडलो होतो हे तिसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही, म्हणून सात महिन्यांच्या अबोल्यानंतर आधी तुलाच लिहीत आहे. उत्तर न दिल्याबद्दल माफ कर. माझी प्रकृती ठीक आहे, मनगटाचे दुखणे गेले, घरी सगळे बरे.

रविवारी सकाळी मला आयसोलेशन जमले, चेंडू न उडवता हातावर लोळवण्याच्या माझ्या जगलिंगमधली ती चाल. चेंडू बोटांच्या टोकांत तोलून हात त्याच्याभोवती फिरवायचा आणि चेंडूचा मध्य मात्र हवेतल्या एकाच बिंदूवर ठेवायचा. हात जेवढा डावीकडे जाईल तेवढाच चेंडू हातावरून उजवीकडे सरकला पाहिजे. चार महिने मी आरशासमोर उभा राहत होतो आणि चार महिने चेंडू डळमळत होता. रविवारी तो थांबला. सलग आठ फेऱ्या हात फिरला आणि चेंडू हवेत टांगल्यासारखा जागच्या जागी राहिला. त्या क्षणी मला तू आठवलास, कारण कॉलेजच्या गच्चीवर ५३१ च्या खाली पेन्सिलीने ‘जे उडत नाही ते जगलिंग नाही’ असे लिहून तू माझ्याकडे वही फेकली होतीस. ते वाक्य तुला फोनवर वाचून दाखवायचे ठरवले. वही काढली, पान उघडले, चेंडू खिडकीजवळच्या टेबलावर रबरी कड्यात ठेवला आणि फोन आणायला आत गेलो. तू फोन उचलला नाहीस. मी पुन्हा लावत राहिलो. बाहेर आलो तेव्हा खोलीत जळक्या कागदाचा वास होता.

पानावरची खूण मी बराच वेळ पाहत बसलो होतो. ती ठिपक्यासारखी नाही. बारीक, किंचित वाकडी, तपकिरी रेघ आहे. सूर्य सरकला तशी ती सरकत गेली. सुरुवात बरोबर तुझ्या काळ्या शाईच्या पाचापासून झाली आहे, कारण पांढरा कागद ऊन परतवतो आणि काळी शाई ते शोषते. पाचाचे पोट गेले, तीन आणि एक शाबूत आहेत. पेन्सिलीचे वाक्यही शाबूत आहे, हे तुझ्या समाधानासाठी सांगतो.

दोष सर्वस्वी माझा. पारदर्शक ॲक्रिलिकचा गोळा म्हणजे जाड भिंगच. माझा चेंडू ७६ मिलिमीटरचा आहे. त्यातून गेलेले ऊन मागच्या बाजूने बाहेर पडून पृष्ठभागापासून साधारण दोन सेंटिमीटरवर एकवटते आणि वहीचे फुगलेले पान नेमके तिथे आले. म्हणून काम झाले की चेंडू जाड कापडी पिशवीत घालायचा, पिशवीचे तोंड बांधायचे, आणि उघड्या उन्हात सरावाला न्यायचाच नाही, कारण तोच बिंदू कपड्यावर किंवा मनगटावरही पडतो. हे सगळे मला माहीत होते. दीड वर्ष मी ते पाळले आणि आनंदाच्या वीस मिनिटांत विसरलो.

आता खरी काळजी. तुझ्या मुक्ताला सुट्टीत हे शिकवण्याचे मी कबूल केले आहे, आणि तिने माझ्याच हातात पाहिलेला ‘काचेचा’ चेंडू मागितला आहे. रविवारपासून मला झोप नीट लागत नाही. दहा वर्षांच्या मुलीच्या टेबलावर वह्या असणार, खिडकीला पडदा असणार आणि चेंडू झाकायची आठवण मोठ्या माणसालाही राहिली नाही. मी नाही म्हणणार नाही, कारण तिचे हात चांगले आहेत. तिने लिंबाएवढा चेंडू पालथ्या हातावर धरला तेव्हा तर्जनी आणि अनामिका आपोआप वर आल्या आणि मधले बोट खाली गेले. तो पाळणा घडवायला मला तीन आठवडे लागले होते. पण सुरुवात माझ्या पद्धतीने होईल, आणि त्यात तू मध्ये पडू नकोस.

तिला पहिला चेंडू अपारदर्शक, हलका आणि एकरंगी द्यायचा. माझा चेंडू सुमारे २७० ग्रॅम भरतो. तो छातीच्या उंचीवरून पायाच्या अंगठ्यावर पडला तर काय होते ते मी अनुभवले आहे. १०० मिलिमीटरचा भरीव ॲक्रिलिक चेंडू ६०० ग्रॅमच्या वर जातो, तो तिला दाखवूही नकोस. खऱ्या काचेचा तर घरात आणूच नकोस. तेवढ्याच आकाराला तो दुपटीहून जड असतो आणि फुटतो. पहिले कित्येक आठवडे पलंगासमोर उभे राहून शिकायचे, म्हणजे चेंडू गादीवर पडेल, लादी वाचेल आणि वाकून उचलायचा त्रासही वाचेल. अंगठी, घड्याळ, बांगडी काढायची. डोक्यावर किंवा छातीवर लोळवायचे झाले तर फक्त पोकळ, हलका चेंडू, कारण वर पाहत असताना दात आणि डोळे दोन्ही त्याच्या वाटेत असतात. एका वेळी पंधरा मिनिटे पुरेत. मनगट आणि अंगठ्याचे मूळ दुखू लागले की त्या दिवशी थांबायचे. मी थांबलो नाही म्हणून दीड महिना पट्टी बांधून बसलो होतो.

आणखी एक, चेंडू स्पिरिटने पुसायचा नाही. माझा पहिला चेंडू मी तसा पुसला आणि त्यात केसासारख्या बारीक भेगा पडल्या. आता तो कायमचा धुरकट आहे. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ कापड एवढेच.

पारदर्शक चेंडू तिला मिळेल, पण बटरफ्लाय दोन्ही हातांनी जमल्यावर. चेंडू उताण्या तळहातावरून बोटांच्या टोकांवर चढून पालथ्या हातावर उतरतो आणि त्याच वाटेने परत येतो. हात पंख्यासारखा डोलतो आणि चेंडू मात्र जवळजवळ एका रेषेत राहतो. डाव्या हाताने ते करायला लावशील तेव्हा ती रडेल. रडू दे. रंगीत चेंडूवर एखादी खूण असली की तो किती लोळला आणि किती घसरला हे डोळ्यांना दिसते, आणि शिकणाऱ्याला तेच दिसले पाहिजे. पारदर्शक चेंडूत लोळणे दिसतच नाही, म्हणून तर पाहणाऱ्याला तो स्थिर वाटतो.

तुझे जुने म्हणणे मला अजून मान्य नाही, अविनाश. अमेरिकन जगलर मायकेल मोशेनने १९८६ च्या ‘लॅबिरिंथ’ चित्रपटात गायक-नट डेव्हिड बोवीच्या मागे दडून, त्याच्या हाताच्या जागी आपला हात पुढे काढून ते स्फटिकाचे चेंडू फिरवले होते. त्याला चेंडू दिसतही नव्हते. १९९० मध्ये त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, असामान्य सर्जनशीलतेसाठी अमेरिकेत दिली जाते ती. त्याच्या या कामाला तू हातचलाखी म्हणालास, त्या दिवशी मन्याने आपल्या दोघांना गच्चीवरून हाकलले होते. तू तीन चेंडू उडवताना पाहायला मला आवडत असे, आजही आवडेल. उडवलेला चेंडू हातातून सुटल्यावर तुझे काम क्षणभर संपते. माझा चेंडू कधी सुटतच नाही, प्रत्येक क्षणी त्वचेवर त्याचे वजन कळत राहते. रविवारी मला हे इतके स्पष्ट जाणवले की तुझ्याशी पुन्हा भांडावेसे वाटले.

काकांच्या डोळ्याचे काय झाले? बदलीचा हुकूम आला का? वहिनींना सांग की मी पुस्तक विसरलेलो नाही, येताना आणतो.

मुक्ताच्या मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून कळव, म्हणजे चेंडूचा आकार ठरवता येईल. वही मी पोस्टाने पाठवत नाही, स्वतः घेऊन येतो. पाचाचे पोट तू तुझ्या हाताने पुन्हा काढ.

तुझा,
श्रीकांत