नर्सिंगची तोंडी परीक्षा जखमेसमोर घ्या

मा. संपादक,
स. न.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके मी सर्जिकल वॉर्डात घेते. जखम भरण्याचे टप्पे विचारले की उत्तर धडाधड येते. रक्त थांबणे, दाह, नवी वाढ, पुनर्रचना. त्वचेचे थरही तोंडपाठ असतात. पण ड्रेसिंग सोडून ‘आता या जखमेत काय दिसतंय ते सांगा’ म्हटले की सगळे एकमेकांकडे पाहतात. मुलांना बोल लावून उपयोग नाही, गुण पाठांतरालाच मिळतात. म्हणून माझी विनंती आहे की, रुग्णाची परवानगी घेऊन, तोंडी परीक्षेचा काही भाग खऱ्या जखमेसमोर घ्यावा.

त्वचेचे थर पाठ करून काय कळायला हवे, याचे एक उदाहरण देते. ग्राफ्टसाठी, म्हणजे दुसऱ्या जागी त्वचा बसवण्यासाठी, मांडीवरून त्वचेचा पातळ थर काढतात. ती उघडी जागा दोनेक आठवड्यांत आपली आपण भरते. खोल बेडसोर (अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दाबाच्या जागी होणारी जखम) मात्र महिनोन्महिने रेंगाळतो. बेडसोरला दाब, अपुरे पोषण अशी इतर कारणे असतातच, पण मोठा फरक खोलीचा. मांडीवरून एपिडर्मिस (त्वचेचा वरचा थर) आणि डर्मिसचा (त्याखालच्या थराचा) वरचा भागच निघालेला असतो. केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी खाली शाबूत राहतात. त्यांच्यातल्या पेशी वर येऊन पसरतात, म्हणून उथळ जखमेत मधेच फिकट गुलाबी ठिपके उगवताना दिसतात. खोल जखमेत ही मुळेच गेलेली असतात, मग नवी त्वचा फक्त कडेकडून आत सरकते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेली विद्यार्थिनी डर्मिस कधी विसरत नाही.

पुस्तकात टप्प्यांपुढे दिवस लिहिलेले असतात, जखम त्या दिवसांनी चालत नाही. मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम आठवडेच्या आठवडे दाहातच अडकून पडते. एकाच जखमेत मध्यभागी लाल दाणेदार मांस आणि कोपऱ्यात पिवळा स्लफ (मेलेल्या पेशींचा थर), असेही नेहमी दिसते. स्वच्छ ऑपरेशनच्या टाक्यांभोवती दुसऱ्या दिवशी थोडी लाली, थोडी ऊब असते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पांढऱ्या पेशी आपले काम करत असतात. पण पाचव्या दिवशी दुखणे वाढले, लाली पसरली, पू किंवा वास आला, ताप चढला, तर डॉक्टरांना ताबडतोब सांगायचे. हा फरक तक्ता पाठ करून येत नाही.

ते लाल दाणेदार मांस म्हणजे नव्या केशवाहिन्यांची जाळी आणि ताजे कोलॅजन (त्वचेला ताकद देणारे तंतू). जरा धक्का लागला तरी रक्त येते, इतके नाजूक. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून ‘फेस आला, जखम साफ झाली’ म्हणणारे अजून भेटतात. त्या फेसासोबत नव्या पेशीही मरतात. अशी स्वच्छ जखम सलाइनने हलकेच धुतली तरी पुरते. चिकटलेला कोरडा गॉज ओढून काढला की रुग्ण कळवळतो, आणि गॉजवर नुकतीच धरलेली कोवळी त्वचा निघून येते. तो आधी भिजवायचा. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवर प्रयोग करून दाखवले की, ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा कोरड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने धरते. तरी ‘जखम उघडी ठेवा, सुकू द्या’ हा सल्ला काही जात नाही. खपली धरली की नव्या पेशींना तिच्याखालून वाट काढावी लागते.

आणखी एक गोष्ट मला फार टोचते. बेडसोरची पहिली खूण म्हणून पुस्तकांत बहुतेक गोऱ्या त्वचेवरची लाली दाखवतात. सावळ्या-काळ्या त्वचेवर ती तशी दिसतच नाही. तिथे जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा गडद छटा शोधावी लागते, आणि माकडहाड, टाचा हाताने चाचपून ऊब व कडकपणा शेजारच्या त्वचेशी ताडून पाहावा लागतो. फोटोवर भरवसा ठेवणाऱ्या मुलीच्या नजरेतून असा रुग्ण सुटतो, आणि कळते तेव्हा त्वचा फाटलेली असते.

टाके काढले की घरी जाणारा रुग्ण हमखास विचारतो, ‘सिस्टर, आता वजन उचललं तर चालेल ना?’ तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ त्वचेच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी ताकद असते. पुढे वर्षभर कोलॅजनची फेररचना चालते, तरी ती 80 टक्क्यांच्या वर सहसा जात नाही. पुनर्रचनेचा टप्पा घडाघडा म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे उत्तर देता आलेच पाहिजे. परीक्षकांनी हाच प्रश्न विचारावा. आणि जखमेसमोर उभे करून तिची लांबी-रुंदी, खोली, तळाचा रंग, कडा, स्राव, भोवतालची त्वचा आणि रुग्णाला होणारी वेदना सांगायला लावावी. प्रत्येकाला पाच मिनिटे पुरतील.

आपली,
सर्जिकल वॉर्डातील एक परिचारिका-शिक्षिका