वग कुठे गेला, हे सुपारी देणाऱ्यांना विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, एका राहुटीतून उठून दुसरीत बसतात, चहा होतो, घासाघीस होते आणि सुपारी, म्हणजे यात्रेतल्या खेळाचा सौदा, ठरते. त्याच सुमारास तमाशाला घरघर लागल्याच्या बातम्याही दरवर्षी येतात. टीव्ही आला, मोबाइल आला, पोरांची आवड बिघडली, ही कारणं ठरलेली. मी आमच्या गावच्या यात्रा कमिटीत बारा वर्षं होतो आणि हिशेबाची वही बहुतेक काळ माझ्याकडेच होती. त्या वहीत मला दुसरंच कारण दिसतं, म्हणून हे पत्र.

सुरुवातीच्या पानांवर घरटी पट्टी, म्हणजे यात्रेची वर्गणी, आहे. सगळ्या उंबऱ्यांना सारखी. देताना कुरकुर व्हायची, पण एकदा पट्टी दिली की म्हातारीकोतारीसुद्धा विचारायची, "औंदा वग कोणता?" (वग म्हणजे तमाशातलं कथानाट्य.) पुढच्या पानांवर पट्टीचा आकडा तसाच राहतो आणि वर मोठ्या देणग्या दिसू लागतात: प्लॉट विकणारे, ट्रॅक्टरचे विक्रेते, बाजारातले व्यापारी, निवडणुकीला उभं राहण्याच्या तयारीतली मंडळी. शेवटच्या तीन-चार वर्षांत पट्टी गोळा करायचा कंटाळाच यायला लागला. एका देणगीत भागतंय, तर दारोदार कशाला फिरा?

पण देणगीदाराला काय हवं असतं? रात्री नऊच्या सुमारास भरलेलं मैदान, स्टेजवर नारळ-शाल, फ्लेक्सवर फोटो. सत्कार झाला की गाडी निघते. वग त्यानंतर असतो. गण, गवळण, बतावणी आणि मग वग, हा तमाशाचा क्रम. म्हणजे ज्याच्या पैशावर रात्र उभी राहते, तो वगाच्या वेळी घरी झोपलेला असतो. ज्या मालाला गिऱ्हाईकच नाही, तो फडमालकाने, म्हणजे तमाशा मंडळीच्या मालकाने, कशासाठी राखायचा? त्याने रंगबाजी, म्हणजे नाचगाणी, वाढवली, सिनेमाची गाणी वाढवली. काही गावांनी तर तमाशाच सोडला आणि डीजे किंवा नाचाची पार्टी बोलावली.

यात्रेतला पैसा कमी झाला म्हणून हे घडलं, असं मात्र नाही. आमच्याकडे पैसा टोमॅटोसारखा येतो, कधी रस्त्यावर ओतून द्यावा लागतो, तर कधी डोळे दिपवतो. 2023च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात 20 किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. बैलगाडा शर्यतींवरची बंदी डिसेंबर 2021 मध्ये उठली आणि मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावर कायमची मोहोर उठवली. तेव्हापासून शर्यतीच्या घाटात बक्षिसं लागतात ती ट्रॅक्टरची, काही ठिकाणी तर चक्क जेसीबीची. (शर्यतींना माझा विरोध नाही. बारी सुटली, म्हणजे गाडा धावला, की मीही टोपी उडवतो.) सांगायचं एवढंच की गावाकडे खर्चायला पैसा आहे, फक्त तो खर्च कशावर करायचा हे ठरवणारी माणसं बदलली.

असं पूर्वीही झालंय. मुंबईत लालबागचं हनुमान थिएटर तमाशाचं माहेरघर होतं, ते गिरणी कामगाराच्या खिशाच्या जोरावर. 1982च्या संपानंतर तो खिसाच फाटला आणि पुढे थिएटरही बंद पडलं. त्या कामगाराची आवड काही एका रात्रीत बदलली नव्हती.

फडमालकालाही दोष देववत नाही. दसऱ्याला फड बाहेर काढायचा तर त्याआधी कलाकारांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यावी लागते, अगदी ऊसतोडीच्या टोळीला देतात तशी. त्यासाठी तो कर्ज काढतो. ट्रकचं डिझेल, जनरेटर, तंबू हे निराळंच. 2020 आणि 2021 अशी लागोपाठ दोन वर्षं करोनाने यात्रा बुडवल्या, कर्जाचं व्याज मात्र थांबलं नाही. असा माणूस चालेल तेच विकणार. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, पण 2002 मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भागवलं. आता त्यांच्याच नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. नारायणगावात हे वेगळं सांगावं लागत नाही.

उरलीसुरली रात्र ध्वनिक्षेपकाच्या नियमाने खाल्ली. रात्री दहानंतर आवाज बंद. नियम योग्यच आहे, आजारी माणूस आणि परीक्षेची पोरं आमच्याही घरात असतात. पण त्याच नियमांत वर्षातले 15 दिवस बारापर्यंत सूट देण्याची सोय आहे. ते दिवस मुख्यत्वे गणेशोत्सव आणि नवरात्रासारख्या सणांत संपतात. ग्रामदैवताची यात्रा प्रत्येक गावाची वेगळ्या तिथीला असते, ती कोणत्याच यादीत बसत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी 15 पैकी एखादा दिवस त्या त्या गावाच्या यात्रेसाठी राखता येईल का, हे तपासून पाहावं.

पण सगळं सरकारवर ढकलून चालणार नाही. माझ्या शेवटच्या वर्षी आम्ही सुपारीच्या कागदावर एक ओळ घातली: खेळ संध्याकाळी साडेसातला सुरू व्हावा, सत्कार पाच मिनिटांत आटपावेत आणि वग पूर्ण व्हावा. फडाचे मॅनेजर दोनदा विचारते झाले, "खरंच वग पाहिजे? मग सोंगाड्या दुसरीकडनं बोलवावा लागंल, आमच्यातल्या पोरांना पाठ नाही." आम्ही वरचे पैसे कबूल केले. एक मोठे देणगीदार रुसले, आणि त्यांची रक्कम भरून काढायला आम्ही पुन्हा पट्टी काढली. वगात सोंगाड्याने राजाच्या तोंडावर पाणीपट्टीचा हिशेब मागितला, तेव्हा पुढे बसलेले आमचे सरपंचच आधी हसले आणि मग अख्खं मैदान हसलं. कुणाच्या फ्लेक्सखाली असं हसता येत नाही.

पुढच्या वर्षी कमिटी बदलली आणि ती ओळ कागदावरून गेली. यंदा पाडव्याला आमचे पंच राहुटीत बसतील तेव्हा मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. पट्टीची पावती खिशात ठेवली आहे.

आपला,
एक जुना वाचक
ता. जुन्नर, जि. पुणे