पॅटर्नवाल्या काकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव कुठे लिहू नकोस, असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. पण तुमचं काम चार लोकांना कळायला हवं, म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

दोन जणांनी वल्हवायची, ४.८ मीटर लांबीची प्लायवूडची बोट आमच्या गटाला बांधायची होती. मागचा भाग रुंद आणि पाण्यात थोडा बुडालेला ठेवायचा, की निमुळता करून वर उचलायचा, यावर आमच्यात दोन तट पडले. असा वाद कागदावर मिटत नाही. जहाजांवर प्रयोग करणारे इंग्रज अभियंते विल्यम फ्रूड यांनी १८६७ मध्ये इंग्लंडमधल्या डार्ट नदीवर ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ ही दोन मॉडेलं शेजारी शेजारी ओढून पाहिली होती. तसंच करायचं ठरलं, प्रमाण एकास चार. मॉडेलं कोण करणार, तर भोसरीच्या फाउंड्रीतल्या मित्राने तुमचं नाव सांगितलं.

आपल्या खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात नद्या-बंदरांची मॉडेलं कित्येक वर्षं होतात, पण हौशी माणसांनी जायचं कुणाकडे? तुम्ही आयुष्यभर ओतकामाचे लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यांवरून साचा घेतात ते नमुने केलेत, बोट कधीच नाही. तरी ड्रॉइंग उलगडल्यावर तुमचा पहिला प्रश्न वजनाचा होता. लांबी पावपट म्हणजे वजन चौसष्टावा भाग, हे मी तोंड उघडायच्या आत तुम्ही सांगितलंत. माणसांसकट १९२ किलोची बोट, म्हणून प्रत्येक मॉडेल भार घालून बरोबर ३ किलो. वेगाचा हिशोब मी मांडला: लाटा तशाच उठायला हव्यात तर वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी करायचा, म्हणजे ताशी ६ किलोमीटरच्या जागी ३. तुम्ही तो आपल्या वहीत उतरवून घेतलात, याचा मला केवढा आनंद झाला!

मग ते पत्र्याचे फर्मे, म्हणजे मॉडेलचा बाक तपासायला त्याच आकारात कापलेले पत्रे. डाव्या अंगाला लावलेला फर्मा उलटा करून उजव्या अंगाला लावायचा, मागे बल्ब धरायचा, आणि उजेडाची फट दिसली की पुन्हा पॉलिश पेपर. दोन्ही अंगं सारखी नसती तर मॉडेल एका बाजूला ओढ घेत गेलं असतं आणि सगळी चाचणी फुकट. एवढं गुळगुळीत केल्यावर मी पुढच्या टोकाजवळ वाळूची पट्टी चिकटवायला सांगितली. लहान मॉडेलभोवती पाणी शांत, थराथराने सरकतं, मोठ्या बोटीभोवती ते घुसळतं, म्हणून ही खरखरीत पट्टी लागते. कारण ऐकलंत आणि स्वतःच्या हाताने वाळू लावलीत. त्याबद्दल तुमचे विशेष आभार.

ओळीने भोकं पाडलेली लाकडी पट्टीही तुमचीच कल्पना. दोन टोकांना दोन मॉडेलं, मधल्या भोकात ओढायची दोरी, अगदी तागडी. सासवडजवळच्या शेततळ्यात रुंद पाठीचं मॉडेल दर फेरीला मागे पडत गेलं. पट्टी सरळ राहीपर्यंत दोरीचं भोक त्याच्या बाजूला सरकवत नेलं, आणि दोन्ही मॉडेलांना होणाऱ्या पाण्याच्या विरोधाचं प्रमाण हाती आलं. वाद तिथेच संपला. वल्हवायला प्रत्यक्षात किती जोर लागेल, हे मात्र यातून थेट निघत नाही, कारण घर्षण आणि लाटांचा विरोध एकाच नियमाने वाढत नाहीत. फ्रूड यांनी पुढे इंग्लंडमध्येच टॉर्की गावी मॉडेलं ओढायचा हौद बांधून दोन्हींचा वेगळा हिशोब लावला. आम्हाला दोन आकारांतून एक निवडायचा होता, तो निवडता आला.

मजुरीचं विचारलं तेव्हा तुम्ही रागावलात, म्हणून तो विषय काढत नाही. निमुळत्या बोटीच्या आडव्या फळ्या तुमच्याच फर्म्यांवरून चौपट करून कापल्या आहेत. गटातल्या दोन मुलींना फर्मा कसा काढायचा ते तुमच्याकडून शिकायचंय. येत्या रविवारी त्यांना घेऊन येऊ का? काकूंना नमस्कार सांगा.

आपला,
बोटवाला पुतण्या
पुणे