शैलाला पत्र: शाळेतली दवाखान्याची खोली

सोलापूर,
११ फेब्रुवारी

प्रिय शैला,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. आधी गड्ड्याची जत्रा, मग गॅदरिंग, आणि काल जंतनाशक दिवस. समोर उभं राहून एकेका पोराला अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला लावायची म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. ‘बाई, गिळली’ म्हणत गालात धरून ठेवणारे मला आता चेहऱ्यावरूनच कळतात.

तुमच्या शाळेतल्या भांडारखोलीत दवाखान्याची खोली करायचं चाललंय, आणि तू विचारलंस, सरकारी आरोग्य पथक येऊन पोरांना तपासून जातंच, मग शाळेत वेगळी खोली कशाला? मी पथकाला नावं ठेवणारी नाही हं. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम निघाला, तो आपल्या पालघरमधूनच. दोन डॉक्टर, एक सिस्टर, एक फार्मासिस्ट असे गाडीतून येतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. आमच्या एका मुलीच्या हृदयाला छिद्र आहे हे त्यांनीच शोधलं आणि ऑपरेशन फुकट झालं. पण पथक जातं आणि मागे चिठ्ठी उरते, ‘पुढील तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात जावे.’ एकदा मी वर्गातली दप्तरं चाळली. चिठ्ठ्या तशाच होत्या. एकीत चिंचेची गोळी गुंडाळलेली.

आयांना दोष देऊ नकोस. पूर्व भागातल्या आमच्या निम्म्या आया विड्या वळतात, मजुरी दर हजार विड्यांमागे. मोठा दवाखाना म्हणजे रिक्षा, केसपेपर, रांग, आणि त्या दिवसाच्या विड्या बुडाल्या. पोराला ताप असता तर धावल्या असत्या. फुटक्या कानासाठी कोण मजुरी बुडवणार?

कानाचंच सांगते, कारण त्यात माझी चूक आहे. चौथीतल्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी दोन्ही सत्रांत लिहिलं होतं, ‘ऐकत नाही.’ शेवटच्या बाकावर बसवला होता, जवळ गेलं की वास यायचा; मला वाटलं, अंघोळीचा आळस. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळे तसं वाटलं तरी बोलवत नाही. तेव्हा निवृत्त झालेल्या एक सिस्टर नुकत्याच मंगळवारी-शुक्रवारी यायला लागल्या होत्या. त्यांनी कानात टॉर्च मारला आणि मला म्हणाल्या, “बाई, बरोबरच लिहिलंय तुम्ही. ऐकूच येत नाही त्याला.” त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

कान वाहायचा वर्षभर, आणि आई त्यात कोमट तेल घालायची, आपल्या आयाही घालायच्या तसंच. आता उपचार किती साधा बघ. स्वच्छ कापडाची वात करून कानात धरायची, भिजली की बदलायची, कोरडी निघेपर्यंत. मग डॉक्टरांनी दिलेले थेंब. पण हे दिवसातून तीनदा, कितीतरी आठवडे. घरी तंबाखूने माखलेल्या हातांनी कोण करणार? म्हणून दोन वेळा शाळेत करायचो, आल्यावर आणि मधल्या सुट्टीत. सिस्टर नसतील त्या दिवशी मी. रात्रीची वेळ त्याच्या सातवीतल्या बहिणीकडे. पडद्याला भोक निघालं, तेव्हा ऐकण्याच्या चाचणीला सिस्टरच त्याला रिक्षात घालून घेऊन गेल्या, आईची सही घेऊन. कान कोरडा झाला, पहिल्या बाकावर आला, आणि आता चांगलं ऐकू येतं तरी ऐकत नाही. ते मी प्रगतिपुस्तकात लिहीत नाही.

तर खोली. आमची म्हणजे जुनी भांडारखोली. वजनकाटा, उंचीची पट्टी, हात धुवायला नळ. डोळे तपासायचा तक्ता सहा मीटरवरून वाचून घ्यायचा असतो, तेवढी खोली कुठली? तक्ता व्हरांड्यात टांगलाय. भिंतीवर डॉ. कोटणीसांचा फोटो, सोलापूरचा माणूस, हवाच. औषधं मोजकी, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय अँटिबायोटिक अजिबात नाही. पालकांचं संमतिपत्र मराठीत छापलं होतं, तेलुगू बोलणाऱ्या आयांनी न वाचताच अंगठे उठवले. आता सिस्टर तेलुगूत वाचून दाखवतात, मगच सही.

सगळ्यांत महत्त्वाचं मला उशिरा कळलं, दार. आधी खोलीत शिक्षकांच्या खोलीतून जावं लागायचं. पाळीचं दुखणं घेऊन सातवीची पोरगी गुरुजींच्या समोरून जाईल होय? मागच्या बाजूने दार पाडलं, आत पडदा लावला, आणि आठवड्याभरात मुली यायला लागल्या.

दर सोमवारी लोहाच्या निळ्या गोळ्या असतात, मोठ्या मुलामुलींसाठी. त्या खिचडीनंतरच दे, रिकाम्या पोटी मळमळतं. आणि शौचाला काळं होतं हे आधीच सांगून ठेव. मी नव्हतं सांगितलं. एक आई शाळेच्या फाटकातच माझ्याशी भांडली, पोरीला काय चारलं म्हणून.

परवा वाचलं, सयाजीरावांच्या बडोद्यात १९०९ साली शाळकरी मुलांची डॉक्टरी तपासणी झाली, भारतातली पहिली. आणि आमच्या बैठकीत पाऊण तास चर्चा कशावर? औषधाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार. अखेर माझ्या गळ्यात पडली.

तुझ्या त्या भांडारखोलीचं माप कळव, आणि दार कुणीकडे उघडतं तेही. सिस्टर नाही मिळाली तर हिरमुसू नकोस, आधी तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बोल. शेंगाचटणी पाठवतेय, जावईबापूंसाठी कमी तिखटाची वेगळी पुडी आहे. पुड्या बदलू नकोस.

तुझी,
सुनंदा