कंपवाताच्या रुग्णाला पोटाचंही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी ११ एप्रिलला, जागतिक कंपवात (पार्किन्सन) दिनाला, हाताच्या थरथरीबद्दल छापून येतं. आमच्या घरी मात्र या आजाराने सगळ्यात जास्त छळलं ते पोटाने.

माझे सासरे ७१ वर्षांचे, यवतमाळ जिल्ह्यातले कापूस-तुरीचे शेतकरी. हात थरथरायच्या सात-आठ वर्षं आधीपासून त्यांना शौचाला साफ होत नव्हतं. "म्हाताऱ्या माणसाचं पोट तं असंच राह्यते," असं म्हणून आम्ही चूर्ण आणत राहिलो. पुढे नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडून कळलं की हा आजार आतडी चालवणाऱ्या नसांनाही धरतो आणि बद्धकोष्ठता कंपाच्या कित्येक वर्षं आधी सुरू होऊ शकते. पोट साफ न होणाऱ्या प्रत्येकाला कंपवात असतो असं नाही, कुणी घाबरू नये. पण इंग्रज डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं त्यातही बद्धकोष्ठता आहे. दोनशे वर्षांत ही गोष्ट आमच्या गावापर्यंत आली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मामंजी कंपवातावरची लेवोडोपाची गोळी वरण-भाकरीसोबत घ्यायचे. उपाशीपोटी औषध घेऊ नये, हे आपल्याकडे मनात पक्कं बसलेलं. पण ही गोळी जठरात नाही, लहान आतड्यात शोषली जाते. कंपवातात जठर आधीच हळू रिकामं होतं. त्यात डाळ-दुधातली प्रथिनं त्याच वाटेने रक्तात जायला गर्दी करतात, आणि गोळीचा गुण येत नाही. डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा तास गोळी द्यायला सांगितली आणि वरण रात्रीच्या जेवणात ठेवलं. डाळ बंद केली नाही, फक्त वेळ बदलली. पंधरवड्यात मामंजी सकाळी आपले आपण उठून ओसरीत येऊन बसू लागले.

एकदा त्यांना उलट्या झाल्या. जवळच्या दवाखान्यात उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन लावलं आणि दुसऱ्या दिवशी अंग लाकडासारखं ताठ. कंपवातात मेंदूत डोपामिन नावाचं रसायन आधीच कमी असतं. हे औषध त्यालाच अडवतं, कंपवाताच्या माणसाला ते चालत नाही. आता त्यांच्या बंडीच्या खिशात तशी चिठ्ठी असते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी आजच ती लिहून ठेवावी.

मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तरी मामंजी पाणी टाळायचे. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, पाणी पिताना ठसका लागतो. ठसका हीसुद्धा गिळण्याच्या त्रासाची खूण, डॉक्टरांना सांगायची. आता ताठ बसवून, हनुवटी जरा खाली घेऊन घोट-घोट पाजतो. इसबगोल देतो, पण भरपूर पाण्यासोबतच. पाणी कमी पडलं तर तेच आत अडकतं. शिवाय त्यांना उकिडवं बसून उठता येत नव्हतं, म्हणून ते शौच दाबून ठेवत होते. सुनेला कसं सांगणार! भोकाची खुर्ची आणली आणि निम्मा त्रास तिथेच मिटला. पोट फुगून वायूही सरत नसेल आणि उलट्या होत असतील, तर मात्र घरी थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

आशाताई घरोघरी येतात, बीपी-शुगरचं विचारतात. कंपवाताच्या घरी त्यांनी एवढंच विचारावं: शौचाला किती दिवसांनी होते, पाणी पिताना ठसका लागतो का, गोळी जेवणाआधी घेता की नंतर? आरोग्य विभागाने त्यांना हे तीन प्रश्न शिकवावेत, ही आपल्या वृत्तपत्रातून विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, जि. यवतमाळ