आपल्या गल्लीची यादी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "विकून टाक ते घर, आता तिथं आपलं कोण उरलंय?" मी गप्प बसले. खरं म्हणजे मलाही ठाऊक नव्हतं. पण यंदा माझ्या गळ्यात बीएलओची, म्हणजे घरोघर जाऊन मतदार यादी तपासायची, ड्यूटी पडलीय आणि भाग आलाय नेमका आपला. तीन रविवार झाले, छत्रपती संभाजीनगरच्या आपल्या एन-९ वसाहतीत दारोदार हिंडतेय.

मतदार यादी मोठी गमतीची आहे. यादीत आहेत ते गल्लीत नाहीत, गल्लीत आहेत ते यादीत नाहीत. माझ्या बरोबरीची सगळी पोरं अजून इथलीच मतदार. राहतात पुण्याला, एक तर जर्मनीत. कोपऱ्यावरच्या काकूंना म्हटलं, मुलाचं नाव कमी करायला नमुना ७ भरू या. त्यांनी चहा दिला, पोहे दिले, सही दिली नाही.

तुम्ही आलात तेव्हा, १९८६ साली, गल्लीत पस्तिशीच्या पुढचं कुणी नव्हतं. पाटबंधारे, एसटी, झेडपीचे मास्तर, वाळूजला नुकत्याच सुरू झालेल्या बजाजमधले कामगार. जिंतूर, पाथरी, अंबडहून आलेले. एका वयाचे होते, म्हणून एकदमच म्हातारे झाले. २४ पैकी ९ घरांत नुसती दोघं, ४ घरांत एकटी बाई. (एकटा पुरुष एकाही घरात नाही. आई, याचं कारण तूच सांगशील.)

आणि माड्यांवर? शेंद्र्याच्या कंपन्यांत जाणारी बिहारची पोरं, घाटी दवाखान्यातल्या सिस्टर, हिंगोली-सेलूकडची स्पर्धा परीक्षावाली लेकरं. आपल्या माडीवर मंठ्याच्या दोघी बहिणी आहेत. यांतलं एकही नाव माझ्या यादीत नाही, मत गावाकडं. पण रात्री दोनला नळ आला की खालच्या काकूंची मोटार लावायला वरचा बिहारी पोरगाच उठतो. काकू त्याला थालीपीठ देतात आणि वर मराठी शिकवतात; पोरगा आता "काय की बाई" म्हणतो.

२००१ ला शहर ८ लाख ७३ हजारांचं होतं, २०११ ला ११ लाख ७५ हजारांचं. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ची. तोवर ही पोरं सापडतील ती माझ्या वहीतच.

बाबा, एक राहिलं. यादीत तुमची दोघांची नावं अजून आहेत. गावी जाऊन चार वर्षं झाली तुम्हाला. दुसऱ्यांच्या ओट्यावर बसून नियम सांगणारी मी, त्या दोन ओळींसमोर पेन्सिलीनं टिंब देऊन पुढं सरकले. पत्ता बदलायचा नमुना ८ पिशवीत ठेवलाय, दिवाळीला आणते.

घराचं नंतर बघू. आधी एवढं कळवा, तो भरू की राहू देऊ?

तुमची,
ताई